स्कॉर्पिओ की क्रेटा हे नंतर. आधी ती गाडी इतकी वर्षं कुठे होती ते बघा

पलूसहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात सहा माणसं, महिन्यातून एक-दोनदा पुण्याची फेरी, बाकी गाव ते मळा आणि गाव ते सांगली. हातात साडेसात लाख. समोर दोन गाड्या आहेत. एक २०१६ ची स्कॉर्पिओ, १,३८,००० किलोमीटर झालेली, पहिलाच मालक, ओळखीतला कंत्राटदार. दुसरी २०१८ ची डिझेल क्रेटा, ५४,००० किलोमीटर, सांगलीत एजंटाकडे उभी, दोन मालक होऊन गेलेत आणि आता तिसरा विकतोय. भाव बाजारापेक्षा लाखभर कमी. घरच्यांचं म्हणणं, कमी चाललेली घ्यावी. तुम्ही विचारताय, दोन्हींत जास्त भरवशाची कोणती?

सव्वीस वर्षं सांगलीत गॅरेज चालवतोय, आणि जुनी गाडी घेण्याआधी ‘जरा बघून द्या’ म्हणून येणारे दर आठवड्याला असतात. सगळे मॉडेलचं नाव घेऊन विचारतात. खरं तर तुमची अडचण मॉडेलची नाही. ह्या दोन्ही गाड्यांची इंजिनं नीट सांभाळली तर भरपूर चालतात, आणि नाही सांभाळली तर दोन्ही रडवतात. माझ्याकडे एकाच साली घेतलेल्या दोन स्कॉर्पिओ येतात. एक मिरजेच्या शिक्षकांची आहे, अडीच लाख किलोमीटर ओलांडले तरी इंजिन अजून उघडलेलं नाही. दुसरीचं इंजिन नव्वद हजारांतच उतरवावं लागलं, कारण ऑइल वेळेवर बदललं नव्हतं आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत होते. कारखाना एक, साल एक, नशीब वेगळं. तेव्हा तुम्हाला शोधायचंय ते एवढंच: ह्या दोन नेमक्या गाड्यांनी सात-नऊ वर्षं कुठे आणि कुणाच्या हाताखाली काढली.

गाडी न बघता मी नक्की सांगू शकत नाही, हे आधीच कबूल करतो. तुमचा वापर मळ्याच्या रस्त्यावर किती, जवळ चांगला मिस्त्री कोणता, आई-वडिलांना स्कॉर्पिओच्या उंचीवर चढवतं का, ह्यावरही बरंच अवलंबून आहे. पण काय बघायचं आणि का, ते सांगता येतं.

क्रेटापासून सुरू करतो, कारण माझी काळजी तिथे जास्त आहे. २०१८ ची गाडी, सांगलीतली, स्वस्त. हे तीन शब्द एकत्र आले की मला पहिल्यांदा महापूर आठवतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० फुटांच्या वर. गावभाग, खणभाग, हरभट रोड, मारुती चौक, सांगलवाडी, कुठेकुठे गाड्या कित्येक दिवस पाण्यात उभ्या होत्या. तुमच्या भिलवडी-अंकलखोपकडे काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्या विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान धरून काढून टाकल्या. त्या लिलावात गेल्या, कुणीतरी घेतल्या, धुतल्या, सुकवल्या आणि पुन्हा रस्त्यावर आल्या. सगळ्याच नाहीत, पण आल्या.

पुरातल्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा पुन्हा चालू करता येतं. ऑइल बदला, इंजेक्टर काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, टाकी साफ करा, झालं. मरते ती वायरिंग. आजच्या गाडीत तारांचे जाड जुडगे गालिच्याखालून गेलेले असतात, त्यात शेकडो जोड, आणि जागोजागी कंट्रोल युनिट. कृष्णेचा गाळ फार बारीक असतो. तो कनेक्टरच्या आत बसतो, ओल धरतो, आणि तांब्यावर हिरवा गंज चढायला लागतो. हे काम हळू चालतं. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. म्हणून घेताना गाडी एकदम छान वाटते.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. २०२० च्या जानेवारीत माझ्या धाकट्या मेहुण्यासाठी मी स्वतः एक गाडी पास केली होती. इंजिन गुळगुळीत, सस्पेन्शन घट्ट, रंग मूळचा. मी इंजिनावर कान ठेवला आणि गालिचा उचलला नाही. जूनमध्ये पाऊस लागला तसे आधी काचा बंद पडल्या, मग मीटर मधेच मरायला लागला, आणि एका रात्री लेकरं गाडीत असताना ती मिरज रस्त्यावर हेडलाइटसकट बंद पडली. मागून ट्रक येत होते. कुणाला काही झालं नाही, पण ती रात्र मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी गालिचा काढला तर खाली वाळलेल्या गाळाचा थर. तेव्हापासून माझ्याकडे कुठलीही गाडी बघायला आली की बोनेट नंतर, गालिचा आधी.

तुम्हीही तसंच करा. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ किंवा डाग दिसला तर पाणी तिथवर आलं होतं. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. गाडीच्या आतले बोल्ट सात वर्षांत गंजत नाहीत, आणि त्यांना पान्याचे व्रण असतील तर सीट कशासाठी काढली होती ते विचारा. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्याचे कोपरे बोटाने चाचपा. स्टिअरिंगखाली टॉर्च मारून फ्यूज बॉक्सच्या मागचे जोड बघा. काचा चढवून गाडी तासभर उन्हात ठेवा, मग दार उघडून नाक आत घाला. सुगंधी बाटल्या दोन-तीन टांगल्या असतील तर त्या काढून ठेवायला सांगा. नवीन सीटकव्हर आणि नवीन मॅटिंग पाहून खूश होऊ नका, ते नेमकं आत्ताच का घातलं हा प्रश्न आहे.

कागदावरही पूर सापडतो. गाडी एका नावावरून दुसऱ्या नावावर कधी गेली त्या तारखा काढा. पहिल्या मालकाने २०१९ च्या दिवाळीच्या आसपास किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतर लगेच विकली असेल तर खोलात जा. जुन्या विमा पॉलिसी मागा, चालू एकटी पुरत नाही. पॉलिसीवर नो क्लेम बोनस छापलेला असतो: क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, आणि वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्के. मधेच तो शून्यावर आला असेल, तर आधीच्या वर्षी क्लेम झाला होता. मात्र हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. मालक बदलला की आकडा नव्याने सुरू होतो. म्हणून प्रत्येक मालकाची पॉलिसी वेगळी बघावी लागते.

आता ते ५४,०००. घरच्यांचा सगळा जीव ह्याच आकड्यात अडकलाय, आणि गाडीवरची सगळ्यात सहज बदलता येणारी गोष्ट तीच आहे. मीटर मागे घेणं हे काही तासांचं काम आहे. मी टायरपासून सुरू करतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२२१ म्हणजे २०२१ चा बाविसावा आठवडा. असल्या गाडीचा एक टायरसेट साधारण चाळीस ते पंचावन्न हजार किलोमीटर जातो. ५४,००० खरे असतील तर गाडीवर मूळचे, २०१७-१८ चे टायर असावेत किंवा नुकतेच बदललेले. टायर २०२१ चे आहेत आणि तेही निम्म्याहून जास्त झिजलेत, तर हिशोब जुळत नाही. मग ब्रेक डिस्कच्या कडेला नख लावा, धार किती वर आली ते कळतं. क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा; पंचावन्न हजारांत ती कड बसत नाही.

सगळ्यात खात्रीचा पुरावा सर्व्हिसचा. अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर नोंदलेले असतात. ते बाहेरच्या माणसाला देत नाहीत, मालकाला देतात. म्हणून मालकालाच बरोबर घेऊन जा. एजंट म्हणाला ‘मालक बाहेरगावी आहेत’, तर फोनवर बोलून द्या म्हणा. २०२० ला ४८,००० आणि आज ५४,०००, असलं काही दिसलं तर मधल्या वर्षांत गाडी कुठे उभी होती ते विचारावंच लागेल. आणि आकडा खरा निघाला तरी एक सांगतो. डिझेल गाडीला कमी चालणं मानवत नाही. रोज दोन किलोमीटर बाजारात जाऊन परत, इंजिन कधी नीट तापलंच नाही, अशाने ईजीआर व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी धरते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तोही तुंबतो. तुमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या आहेत, तेवढी एक चिंता कमी.

स्कॉर्पिओकडे वळू. नऊ वर्षांत १,३८,००० म्हणजे वर्षाला पंधरा हजार. कंत्राटदाराच्या गाडीला हा आकडा पटण्यासारखा आहे, आणि पटणारा आकडा मला कमी आकड्यापेक्षा जास्त आवडतो. पहिलाच मालक आहे, गावात आहे, उद्या काही निघालं तर त्याच्या दारात जाता येईल. ही मोठी गोष्ट आहे. पण कंत्राटदाराची गाडी म्हणजे साइटवरचा रस्ता, मागे सिमेंटची पोती, कधी जनरेटर. त्याचा ताण कुठे पडतो ते कळलं पाहिजे.

स्कॉर्पिओ चासीवर बांधलेली आहे, क्रेटाला वेगळी चासी नाही, तिची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दोन्हीकडे अपघात वेगळ्या जागी शोधायचा. स्कॉर्पिओ रॅम्पवर घ्या आणि चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागपर्यंत हाताने चाचपत जा. वेल्डिंग, वाकलेली जागा, किंवा सगळीकडे धूळ असताना एका फुटावरच ताजा काळा रंग, ह्यापैकी काही सापडलं तर तिथेच थांबा. चासी नंबरचा ठसा आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. आपल्याकडे हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या रस्त्यात उभ्या असतात, आणि उंच गाड्यांची नाकं त्यांनाच धडकलेली मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. म्हणून रेडिएटरच्या पुढची पट्टी, हेडलाइटच्या मागचे पत्रे आणि बोनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट नीट बघा. क्रेटात हेच बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन (चाकांवरचे आतले पत्रे), सस्पेन्शन जिथे बसतं ते घुमट आणि दारांचे खांब बघायचे. दाराचं रबर ओढून खाली केलं की कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ते गायब असतील किंवा पुट्टीने बुजले असतील तर खांब बदललेला आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र एखाद्या चांगल्या पेंटरकडे मिळतं. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो, पुट्टी मारलेला पत्रा तीनशेच्या पुढे जातो. एखादा दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असला तर बिघडलं नाही, आपल्या रस्त्यांवर ते होणारच. खांब, टप आणि चासी मात्र माफ करू नका.

तासगाव-पलूस भागातल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट मी हटकून बघतो: मागच्या सीटखालचा पत्रा. द्राक्षबागेला, उसाला लागणारी खतं लोक ह्याच गाड्यांतून नेतात. पोतं फाटतं, खत सांडतं, मॅटखाली ओल धरतं आणि पत्रा आतून खातं. तसंच वडापला, म्हणजे माणसं भरून भाड्याने, चाललेली गाडी. खाजगी गाडीच्या पांढऱ्या पाटीवरही वडाप होतो, हे आपल्याला माहीत आहे. मागच्या पायरीची झीज, मधल्या सीटचा फोम, दाराच्या कड्या, हे घरच्या गाडीपेक्षा वेगळंच दिसतं. स्कॉर्पिओला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, तिथे मागचा भाग बसलाय का एवढं बघा.

इंजिन बघायची वेळ सकाळची, आणि ती आदल्या रात्रीच ठरवावी लागते. मालकाला सांगा, मी येईपर्यंत चावी फिरवायची नाही. गेल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. गरम असेल तर त्याने आधीच चालू करून पाहिलंय, आणि का पाहिलंय ते तुम्हीच समजा. थंड इंजिन एका झटक्यात चालू व्हावं. सुरू होताना निळसर धूर आला आणि टिकला तर ऑइल जळतंय. काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरकडे बोट दाखवतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलं समजा. थंडीतल्या सकाळी पहिल्या मिनिटाची वाफ ह्यात धरू नका. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. डिझेलला थोडी हवा येते, ती चालते. झाकण उडून पडत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली येतोय, आणि ते काम लाखाच्या घरात जातं.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीही नाही. आत हिरवं किंवा गुलाबी स्वच्छ कूलंट हवं. गंजकं किंवा पांढरट क्षार साचलेलं पाणी म्हणजे बोअरचं पाणी. आपल्या भागात बोअरच्या पाण्याला क्षार फार, आणि ते इंजिनाच्या पाण्याच्या वाटा हळूहळू बुजवतात. एका कंत्राटदाराच्या गाडीत मी हे पाहिलंय. साइटवर टँकरचंच पाणी ओतायचे.

चालवताना सपाट रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नका. किमान पाऊण तास, एसी लावून, आणि थोडा चढ हवा. सांगलीत चढ नाही, मी दंडोबाच्या डोंगराकडे नेतो. तुम्हाला सागरेश्वरचा घाट जवळ आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबा. इंजिनचे फेरे वाढले आणि गाडी तेवढी वाढली नाही, तर क्लच प्लेट संपली. उतरताना तिसऱ्यात पाय सोडा, गिअर बाहेर पडतो का बघा. स्कॉर्पिओला साठ-सत्तरच्या वेगात मागून घूं असा आवाज येत असेल आणि पाय सोडल्यावर तो बदलत असेल तर क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडी) बघावा लागेल. परत आल्यावर तापमानाचा काटा कुठे आहे आणि खाली जमिनीवर काय गळलंय ते बघा. टायमिंगसाठी ह्या दोन्ही इंजिनांना चेन आहे. उद्या एखादी डिझेल डस्टर बघायला गेलात तर तिला पट्टा असतो, तो कधी बदलला त्याचं बिल मागा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर नक्की लावून घ्या. कोड निघाले म्हणजे गाडी वाईट असं नाही, पण कोड कालच पुसलेत का हे बऱ्याच गाड्यांत कळतं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. परिवहनच्या संकेतस्थळावर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या की नाव बदलायला वेळ लावू नका, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे स्कॉर्पिओ २०३१ ला पुन्हा नोंदवावी लागेल, पर्यावरण कर भरून.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगतो. साडेसात लाख असतील तर साडेसातची गाडी घेऊ नका, पावणेसातपर्यंतची घ्या. नऊ वर्षांच्या गाडीला पहिल्या दोन महिन्यांत ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, पट्टे, खालच्या आर्मचे बुश आणि कदाचित क्लच किंवा टायर लागणार. हा खर्च लागतोच, तो ‘गाडी खराब निघाली’ म्हणून धरू नका. आधीच बाजूला ठेवलेला असला की घरात वाद होत नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर आधी स्कॉर्पिओ बघितली असती. चासी सरळ, सर्व्हिसची बिलं सलग, कूलंट स्वच्छ, झाकण शांत. एवढं जुळलं तर १,३८,००० ला घाबरलो नसतो. सस्पेन्शनचा आवाज असला तर तो भावातून कापून घ्या, दुरुस्त होतो. क्रेटा चांगली निघूही शकते, लाखभर स्वस्त असण्याचं एखादं साधं कारण असू शकतं, तिसऱ्या मालकाला पैशाची निकड असेल. पण ते कारण त्याने तुम्हाला दाखवलं पाहिजे, तुम्ही मनाने जुळवायचं नाही. एजंटाला जायच्या आधीच फोनवर विचारा: गालिचा उचलून आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून बघू देणार का, आणि जुन्या मालकांच्या पॉलिसी मिळतील का. दोन्हींना ‘हो’ म्हणाला तर सांगलीची फेरी मारा. नाहीतर तो दिवस स्कॉर्पिओच्या पहाटेला द्या.